परमहंस मंडळी : घरांत न सांगितलेला धर्म

घरच्या देवांपुढें हात जोडावे आणि मनांत निराळेंच मानावें, ही तरुणांची कोंडी जुनीच आहे.

१८४९ सालीं मुंबईंत परमहंस मंडळी स्थापन झाली. एक ईश्वर मानावा, मूर्तिपूजा व जातिभेद सोडावा, हें तिचें मत. पण सभा गुप्तपणें भरत. ख्रिस्ती भटाऱ्यानें भाजलेला पाव खाणें, हीच नव्या सभासदाची दीक्षा! घरीं मात्र तोच तरुण पूर्वींप्रमाणेंच पंक्तीला बसे. संख्याबळ वाढल्यावर उघड व्हावें, असा बेत होता.

बेळगांवचे बाबा पदमनजी तेव्हां अठरा वर्षांचे. तेहि पुढें मंडळींत शिरले. पण १८५४ सालीं आप्तांचा रोष पत्करून त्यांनीं उघडपणें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इतर गुप्तच राहिले. १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें फुटलीं आणि मंडळी मोडली. तिच्यांतील कांहीं जण पुढें १८६७ सालीं निघालेल्या प्रार्थनासमाजांत उजळ माथ्यानें आले.

त्या तरुणांना भित्रे म्हणणें सोपें आहे. परंतु वाळीत पडणें म्हणजे पाणी, पंगत, लग्न, मर्तिक सारेंच तुटणें होतें. मुलाचें मौन ही एकट्या मुलाची दुर्बलता नव्हती. त्याला बोलूं न देणाऱ्या घराचीहि होती.