घरोटा, गिरणी आणि विजेचा हिशोब

आपल्या खानदेशात जात्याला घरोटा म्हणतात. आज घरोटा बहुधा परसात पडलेला असतो. पण दोन-तीन पिढ्यांमागे गावाची पहाट त्याच्याच घरघरीने उजाडत असे. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते; पण त्यांनी या घरोट्यावर गाणे रचले. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. ती वाचताना घरोटा आपल्याला मोठा गोड वाटतो. पण वाचकहो, गाणे गोड म्हणून दळण हलके होते असे नव्हे. हाताचा शीण विसरावा म्हणून तर बाया गात होत्या!

पुढे तेलाच्या इंजिनावरची गिरणी आली. तिची फुकफुक ऐकू आली की बाया दळण डोक्यावर घेऊन निघत. 1960 साली राज्याचे विद्युत मंडळ स्थापन झाले आणि 1968 साली भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर वीज तयार होऊ लागली. तारा खेडोपाडी पोहोचल्या, इंजिनाच्या जागी मोटर बसली, आणि आता तर पाचोऱ्यातल्या घरांतही छोटी घरघंटी दिसते.

मग ही सगळी चैनच का? थोडा हिशोब करू. गुरुजींनी तो वर्गात फळ्यावर मांडावा. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर साधारण 75 वॅट शक्तीने काम करतो. दोन तास दळण म्हणजे 150 वॅट-तास; एका युनिटचा सहावा हिस्साही नाही. यंत्रात वीज वाया जाते म्हणून दुप्पट धरली, तरी युनिटच्या तिसऱ्या हिश्श्यात एका बाईची पहाट मोकळी झाली. ही सोय महाग कोण म्हणेल?

आता दुसरी बाजू पाहा. वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सुमारे 0.7 युनिट लागते. म्हणजे एक बादली ऊन पाणी आणि घरोट्यावरच्या चार पहाटांहून अधिक श्रम यांचे वजन सारखे! मिक्सर खडखडतो म्हणून आपण त्याला खादाड समजतो. पण पाचशे वॅटचा मिक्सर पाच मिनिटांत 0.04 युनिटच घेतो. सुताराच्या विजेच्या रंध्याचेही तसेच: आवाज फार, पण चालतो थोडा वेळ. खरी खादाड उष्णता. ती मुकाट्याने खाते.

जुन्या काळी पाणी बंबात तापे, चुलीत पऱ्हाटी जळे. वीज वाचली, पण धूर बायांच्या डोळ्यांत गेला. तेव्हा मागे फिरा असे मी सांगत नाही. खानदेशात उन्हाला तोटा नाही. पाणी तापवण्याचे काम छपरावरच्या सूर्याला सांगता येते.

तेव्हा नवे यंत्र घरी आणताना दोन प्रश्न विचारावेत: याने कोणाचा शीण जातो? आणि त्यासाठी किती युनिटे जातात? घरघंटी या कसोटीला उतरते. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मात्र उतरत नाही. तिथे तर कोणाचाच शीण जात नाही, नुसती वीज जाते.

घरोटा फिरवणाऱ्या बाईला प्रत्येक पायलीची किंमत खांद्यात कळत होती. आपला खांदा आता दुखत नाही. म्हणूनच हिशोब डोक्याने करावा लागतो.