डावीकडचे शून्य

रत्नागिरीचा एस.टी.डी. कोड ०२३५२ आहे. 'सी' या संगणकभाषेत ही संख्या जशीच्या तशी लिहून तिच्यात १ मिळवायला सांगितले, तर उत्तर किती येईल? कोणताही विद्यार्थी २३५३ म्हणेल. संगणक मात्र १२५९ सांगतो!

संगणकाची बेरीज चुकलेली नाही. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असे आपण वर्गात शिकवतो. सीमध्ये त्याच शून्याचा अर्थ 'पुढचे अंक अष्टमान पद्धतीने वाचा' असा होतो. या पद्धतीत ० ते ७ असे आठच अंक असतात आणि स्थानांच्या किमती उजवीकडून १, ८, ६४, ५१२ अशा वाढत जातात. म्हणून ०२३५२ म्हणजे (२×५१२) + (३×६४) + (५×८) + २ = १२५८.

हा चमत्कारिक नियम आला कोठून?

संगणकाच्या आत सर्व व्यवहार ० आणि १ या दोन अंकांत चालतो. अशी लांबलचक साखळी माणसाला वाचता येत नाही. पण तीन-तीन अंकांचे गट पाडले, तर ००० ते १११ असे आठच प्रकार होतात व प्रत्येक गटासाठी एक अष्टमान अंक पुरतो. १९६० च्या दशकातील अनेक संगणकांत एका 'शब्दा'तील द्विमान अंकांची संख्या ३ ने भाग जाणारी होती. पीडीपी-८ मध्ये ती १२, तर पीडीपी-७ मध्ये १८ होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी-३६०० मध्ये ती ४८ होती. म्हणजे बरोबर १६ अष्टमान अंक. त्या काळच्या प्रोग्रामरला अष्टमान पद्धत सवयीची होती. १९५७ पूर्वी आपल्याकडे १६ आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा रुपया जसा कोणाला अवघड वाटत नसे, तसेच हे.

१९६९-७० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी पीडीपी-७ वर 'बी' ही भाषा तयार केली. अष्टमान संख्या ओळखण्यासाठी तिच्यात सुरुवातीच्या शून्याची खूण होती. गंमत म्हणजे बीमध्ये ०९ लिहिणेही चालत असे आणि त्याचा अर्थ ०११, म्हणजे आपले ९, असा होई! बीमधूनच डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. तिच्यात हा नियम उतरला. ८ आणि ९ हे अंक मात्र पुढे १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये बाद झाले.

दरम्यान आठ द्विमान अंकांचा 'बाइट' रूढ झाला. ८ ला ३ ने भाग जात नाही. चार-चारचे दोन गट मात्र नीट पडतात. त्यामुळे षोडशमान पद्धत पुढे आली आणि अष्टमानाची गरज कमी झाली. नियम मात्र तसाच राहिला, कारण तो बदलला तर जुन्या आज्ञावल्या बिघडल्या असत्या. सी जाणणाऱ्यांना ओळखीच्या वाटाव्यात म्हणून १९९५ मध्ये आलेल्या जावा व जावास्क्रिप्ट या भाषांनीही तो उचलला.

याचा त्रास कसा होतो पाहा. महिन्याचा क्रमांक ०१, ०२ असा वाचणारी एखादी आज्ञावली जुलैपर्यंत सुरळीत चालते, ऑगस्ट-सप्टेंबरात ०८ व ०९ पाशी अडते आणि ऑक्टोबरात आपोआप बरी होते! निदान अडल्यावर चूक कळते तरी. ००१, ०१०, १०० असा रांगेत नीटनेटका दिसावा म्हणून लिहिलेला तक्ता मात्र मुकाट्याने ०१० चे ८ करतो. '३१ ऑक्ट. म्हणजेच २५ डिसें.' हा प्रोग्रामर मंडळींचा जुना विनोद याच पद्धतींवर बेतलेला आहे. ऑक्टल ३१ आणि डेसिमल २५ खरोखरच सारखे.

विनोद पुरे झाल्यावर दुरुस्तीही झाली. २००८ मध्ये पायथन-३ ने अष्टमानासाठी शून्यापुढे 'ओ' हे अक्षर सक्तीचे केले. २००९ मध्ये जावास्क्रिप्टच्या काटेकोर प्रकारात जुनी खूण वर्ज्य ठरली. सी आणि जावामध्ये ती अजून आहे.

यातून विद्यार्थ्यांना एक गोष्ट जरूर सांगावी. अंकांनी लिहिलेले सर्व काही संख्या नसते. दूरध्वनीचा कोड हे अंकांत लिहिलेले नाव आहे. त्याची बेरीज करायची नसते आणि डावीकडचे शून्य गाळायचेही नसते.

वर्गासाठी प्रश्न : पुण्याचा ०२० आणि मुंबईचा ०२२ हे कोड सी भाषा किती वाचेल? आणि लातूरच्या ०२३८२ चे काय होईल?