नंदादेवीचा नकाशा आणि पैनगंगा

गढवालमधल्या नंदादेवीच्या खोऱ्याचा भूनकाशा उघडला की समोच्चरेषांची दाट तटबंदी दिसते. पश्चिमेला ऋषिगंगेच्या घळीपाशी तेवढी ती फुटते. त्या घळीतून १९३४ साली शिप्टन आणि टिलमन आत शिरले. सोबत आंगथारके, पासंग आणि कुसंग हे शेर्पा. १९३६ साली ऑस्मास्टन यांनी खोरे मोजले.

हे सर्वश्रुत आहे. मला उमरखेडला बसून वेगळाच धागा दिसतो. १८२०च्या आगेमागे बिदरजवळच्या दमरगिद्द्यापासून एलिचपूरजवळच्या टाकळखेड्यापर्यंत त्रिकोणांची साखळी मोजली गेली. दोन्हींचे रेखांश सुमारे ७७ अंश ४० मिनिटे, आणि उमरखेडचेही जवळपास तेच! म्हणजे साखळी पैनगंगा ओलांडून आमच्याच मुलखातून गेली. तेव्हा इथे निजामाचा अंमल होता. याच कामात लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. पुढे एव्हरेस्ट यांनी १८३० साली पृथ्वीचा जो आकार गणिताने बसवला, त्यात हा टप्पाही होता. आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे, नंदादेवीचेसुद्धा, त्याच आकारावर आखलेले.

तीन शेर्पांची नावे निदान पुस्तकांत उरली. पैनगंगेकाठच्या टेकड्यांवर झेंडे घेऊन चढणारे कोण होते, याचा शोध मला नंदादेवीपेक्षा अवघड वाटतो.