बाबांचा हात आखडता का?

आई-बाबांनी आता मस्त खर्च करावा, फिरावं, असं आपल्या पिढीला वाटतं. पण एफडी मोडायचं नुसतं नाव काढा, त्यांच्या पोटात गोळा येतो. हा निव्वळ चिक्कूपणा नाही मंडळी, त्यामागे इतिहास आहे.

आपल्या नागपुरातच बघा. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. त्या काळात हे नवलच! पण पुढे मिलच बंद पडली आणि त्या जागेवर मॉल उभा राहिला. १९७४ मध्ये महागाई इतकी भडकली की सरकारने कायदा करून वाढीव महागाई भत्त्यातली निम्मी रक्कम सक्तीची ठेव म्हणून कापून घेतली. जुलै २००१ मध्ये तर एकदम सेफ समजल्या जाणाऱ्या युनिट ६४ ची परतखरेदीच थांबली. हे सगळं पाहिलेला माणूस मुद्दलाला हात कसा लावणार?

म्हणून मी बाबांशी मुद्दलाचं बोलतच नाही, व्याजाचं बोलतो. २००४ साली आलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत व्याज दर तिमाहीला हातात पडतं. ३० लाखांवर, २०२५ च्या ८.२ टक्के दराने, करापूर्वी तिमाहीला ६१,५०० रुपये. "बाबा, मुद्दल तसंच राहू द्या. फक्त घरखर्च जाऊन जे व्याज उरेल, त्याची परत एफडी करायची नाही."

मे महिन्यात नागपूर ४५ डिग्रीला पोचतं. एसी लावायला तेवढं पुरतं की!