घरगुती संगणकावर व्यावसायिक दर्जाच्या चित्रफितींची निर्मिती : एक ऐतिहासिक अभ्यास (१९८५ ते २००५)

सारांश : दूरचित्रवाणीच्या दर्जाची चित्रफीत घरातील संगणकावर तयार करणे १९८५ पूर्वी जवळजवळ अशक्य होते. २००५ पर्यंत ती सर्वसामान्य गोष्ट झाली. या वीस वर्षांतील स्थित्यंतराचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. ‘व्यावसायिक दर्जा’ ही केवळ सौंदर्याची कसोटी नसून ती प्रत्येक काळातील तांत्रिक व आर्थिक अडसरांनी ठरवलेली सीमारेषा होती, असे येथे प्रतिपादन केले आहे. संगणकाने एक अडसर दूर केला की ती सीमारेषा दुसऱ्या जागी सरकत गेली.

बीजसंज्ञा : चित्रफीत, संकलन, अमिगा, व्हिडिओ टोस्टर, डीव्ही, प्रताधिकार, जतन.

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण असो वा एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाची मुलाखत, विद्यार्थी आज ती घरीच संकलित करून, शीर्षके व पार्श्वसंगीत जोडून सादर करतात. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिला इतिहास आहे, याचा विसर पडतो. संगणक स्वस्त झाले आणि म्हणून चित्रफिती घरी बनू लागल्या, असे सोपे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे. संगणक १९८० च्या दशकातच अनेक घरांत पोहोचले होते. परंतु त्यांच्या पडद्यावरील चित्र दूरचित्रवाणी केंद्राला स्वीकारता येत नव्हते. हा अडसर नेमका कोणता होता, तो कसा दूर झाला आणि त्यानंतर कोणता अडसर उभा राहिला, या तीन प्रश्नांचा विचार पुढे केला आहे.

पार्श्वभूमी : फितीचे युग

अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये व्यवहारोपयोगी ध्वनिचित्रमुद्रण यंत्र बाजारात आणले. त्याची किंमत सुमारे ५० हजार डॉलर होती. साहजिकच ते दूरचित्रवाणी केंद्रांपुरतेच मर्यादित राहिले. फितीवरील संकलन हे रेषीय असे. एका यंत्रावरील दृश्य दुसऱ्या यंत्रावर क्रमाने उतरवत जायचे. मध्येच एखादे दृश्य वाढवायचे ठरले तर त्यापुढील सर्व भाग पुन्हा उतरवावा लागे आणि प्रत्येक प्रतीगणिक चित्र थोडे अधिक धूसर होई. या कटकटीवर उपाय म्हणून १९७१ मध्ये ‘सीएमएक्स ६००’ ही संगणकाधारित संकलन यंत्रणा तयार झाली. दृश्ये चकत्यांवर साठवून हवी ती, हव्या त्या क्रमाने पाहण्याची सोय तीत होती. पण चित्र कृष्णधवल व कमी दर्जाचे होते आणि किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात होती. म्हणजे अरेषीय संकलनाची कल्पना घरगुती संगणकाच्या आधीची आहे. कमतरता होती ती परवडणाऱ्या साधनांची.

पहिला अडसर : संकेतांचा ताळमेळ

दूरचित्रवाणीचे चित्र काटेकोर कालमापनावर उभे असते. दोन कॅमेऱ्यांची दृश्ये एकमेकांत मिसळायची, किंवा दृश्यावर अक्षरे उमटवायची, तर दोन्ही संकेतांतील प्रत्येक रेषा एकाच क्षणी सुरू व्हावी लागते. हा ताळमेळ चुकला की चित्र फाटते, रंग बदलतात. बहुतेक घरगुती संगणक केवळ स्वतःच्या अंतर्गत घड्याळावर चालत. बाहेरून येणाऱ्या संकेताशी त्याचा ताळमेळ बसत नसे.

कमोडोर कंपनीचा ‘अमिगा’ संगणक जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे सादर झाला. जे मायनर यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या या यंत्राची मूळ कल्पना खेळांच्या संगणकाची होती. तो घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडला जाणार, म्हणून त्याचे घड्याळ अमेरिकेतील एनटीएससी या प्रमाणपद्धतीच्या रंगवाहक तरंगाशी बांधलेले होते. त्या तरंगाची वारंवारता सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झ, तर अमिगाच्या प्रक्रियकाची गती तिच्या बरोबर दुप्पट, म्हणजे सुमारे ७.१६ मेगाहर्ट्झ होती. शिवाय बाहेरील संकेताच्या तालावर हा संगणक चालवता येई. ‘जेनलॉक’ नावाचे छोटे उपकरण जोडले की कॅमेऱ्याच्या दृश्यावर संगणकाची अक्षरे स्थिरपणे उमटत. कार्यालयीन संगणकांच्या तुलनेत जे वैशिष्ट्य खेळण्याचे लक्षण मानले गेले, तेच चित्रफीत निर्मितीत त्याचे बलस्थान ठरले.

या पायावर अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील टोपेका येथील न्यूटेक कंपनीने, टिम जेनिसन यांच्या पुढाकाराने, १९९० मध्ये ‘व्हिडिओ टोस्टर’ हे कार्ड विक्रीस आणले. किंमत होती १,५९५ डॉलर. अमिगा २००० या संगणकात ते बसवले की चार दृश्यस्रोतांमधून निवड करणे, एका दृश्यातून दुसऱ्यात विविध प्रकारे जाणे, शीर्षके उमटवणे, चित्रे रंगवणे आणि त्रिमितीय प्रतिमा घडवणे ही सारी कामे एकाच ठिकाणी होऊ लागली. ही कामे करणारी स्वतंत्र उपकरणे तोवर स्टुडिओतच आढळत आणि त्यांच्या एकत्रित किमती या कार्डाच्या कित्येक पट असत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मूळ टोस्टर हे संकलनाचे यंत्र नव्हते. ते दृश्ये साठवत नसे. चालू संकेतांची निवड व मिश्रण करून ती बाहेरच्या मुद्रण यंत्राकडे पाठवत असे. तसेच त्याला येणारे सर्व संकेत आधीच एका तालात असावे लागत. घरगुती मुद्रण यंत्रातून येणारा डळमळीत संकेत सावरण्यासाठी ‘टाइम बेस करेक्टर’ हे निराळे उपकरण विकत घ्यावे लागे. म्हणजे १,५९५ डॉलर हा खर्चाचा केवळ आरंभ होता.

तरीही परिणाम मोठा झाला. १९९३ मध्ये प्रसारित झालेल्या ‘बॅबिलोन ५’ या विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्या चित्रपटातील अंतराळ दृश्ये फाउंडेशन इमेजिंग या संस्थेने टोस्टर बसवलेल्या अमिगा संगणकांवर, त्यातील ‘लाइटवेव्ह’ या आज्ञावलीच्या साहाय्याने तयार केली. प्रतिकृती बांधून चित्रित करण्याच्या रूढ पद्धतीला पर्याय उभा राहिला आणि त्या दृश्यपरिणामांना एमी पुरस्कारही मिळाला.

भारताच्या दृष्टीने एक बाब लक्षणीय आहे. अमिगाचे टोस्टर केवळ एनटीएससी पद्धतीसाठी बनवलेले होते. तीत ५२५ रेषा व सेकंदाला सुमारे ३० चौकटी असतात. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू करताना दूरदर्शनने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत ६२५ रेषा व २५ चौकटी. त्यामुळे पैसे असले तरी आपल्याकडील निर्मात्यास या यंत्राचा थेट उपयोग नव्हता. प्रमाणपद्धतींची निवड ही वरवर तांत्रिक वाटणारी बाब एखाद्या देशातील सामान्य माणसाच्या हाती कोणते साधन येणार, हेही ठरवते.

दुसरा अडसर : साठवण

पाल पद्धतीचे चित्र कोणताही संकोच न करता संगणकात साठवायचे तर सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट, म्हणजेच तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते. १९९० च्या सुमारास घरगुती संगणकात असलेल्या ४० मेगाबाइटच्या चकतीवर जेमतेम दोन सेकंदांचे दृश्य मावले असते. १९८९ मध्ये आलेली ‘अ‍ॅव्हिड’ ही मॅकिंटॉश संगणकावरील संकलन प्रणाली म्हणूनच आरंभी कमी दर्जाची चित्रे वापरत असे. त्यांवर संकलनाचे निर्णय घ्यायचे आणि अंतिम प्रत मात्र मूळ फितींवरून स्टुडिओत करायची, अशी ती पद्धत होती. १९९१ मध्ये अ‍ॅपलचे ‘क्विकटाइम’ व अ‍ॅडोबीचे ‘प्रीमियर’ आले. पण पडद्याच्या कोपऱ्यातील लहानशा चौकटीपुरतेच चित्र सर्वसाधारण संगणकाला झेपत होते.

ही कोंडी १९९५ मधील डीव्ही या अंकीय पद्धतीने फोडली. दृश्याचा सुमारे पाचपट संकोच कॅमेऱ्यातच होऊ लागला आणि तासाभराचे चित्रीकरण सुमारे १३ गिगाबाइटमध्ये मावू लागले. सोनीच्या ‘डीसीआर-व्हीएक्स१०००’ या त्याच वर्षीच्या कॅमेऱ्यास फायरवायरची जोडणी होती. एका तारेने चित्रफीत संगणकात जशीच्या तशी उतरू लागली; प्रतीगणिक येणारा धूसरपणा संपला आणि ताळमेळ राखणाऱ्या महागड्या उपकरणांची गरजही उरली नाही. कारण आता संकेत पकडायचा नव्हता, माहितीची नक्कल करायची होती.

पुढचा टप्पा आज्ञावलींचा होता. १९९९ मध्ये ‘फायनल कट प्रो’ ९९९ डॉलरना उपलब्ध झाले. त्याच वर्षी ‘आयमूव्ही’ आयमॅक डीव्ही संगणकासोबत विनामूल्य मिळू लागले आणि २००० मध्ये विंडोज मी या प्रणालीबरोबर ‘मूव्ही मेकर’ आले. दरम्यान कमोडोर कंपनी १९९४ मध्येच दिवाळखोरीत निघाली होती. ज्या यंत्राने वाट पाडली, ते या वाटेवरील गर्दी पाहण्यास उरले नाही.

तिसरा अडसर : हक्क आणि प्रेक्षक

साधने स्वस्त झाल्यावर काय उरते, याचे बोलके उदाहरण म्हणजे जोनाथन काउएट यांचा ‘टार्नेशन’ हा आत्मचरित्रपर चित्रपट. ‘आयमूव्ही’वर संकलित केलेल्या या चित्रपटाचा मूळ खर्च २१८ डॉलर असल्याचे प्रसिद्ध झाले. २००४ मध्ये तो सनडान्स व कान येथील महोत्सवांत दाखवला गेला. परंतु चित्रपटगृहांत नेण्यासाठी त्यातील गाणी व चित्रखंडांचे हक्क घेताना खर्च काही लाख डॉलरवर गेल्याचे सांगितले जाते. निर्मितीचे दार उघडले होते; प्रताधिकाराचे दार पूर्वीइतकेच जड राहिले.

याच्या अगदी उलट क्रम नाशिक जिल्ह्यातील मालेगावात दिसतो. यंत्रमागांच्या या गावात शुक्रवारच्या सुटीला सिनेमा पाहणारा कामगार प्रेक्षक आधीच तयार होता. व्हिडिओगृह चालवणारे नासिर शेख यांना तो चांगला ठाऊक होता. त्यांनी स्थानिक कलाकारांना घेऊन २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट तयार केला. त्यांच्या पुढील सुपरमॅनपटाची निर्मितीप्रक्रिया फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात नोंदली गेली आहे. हिरव्या कापडासमोर नायकाला आडवे धरून चित्रण करायचे आणि मागील आकाश संगणकावर जोडायचे, ही पद्धत तीत पाहायला मिळते. ज्या दृश्यजोडणीसाठी एके काळी मोठा स्टुडिओ लागत असे, ती येथे गावच्या साधनांत घडली. येथील चित्रे व्यावसायिक कसोटीस उतरत नव्हती हे खरे. पण प्रेक्षक आपला असल्याने त्या कसोटीची गरजच पडली नाही.

२३ एप्रिल २००५ रोजी ‘यूट्यूब’वर पहिली चित्रफीत चढवली गेली. प्राणिसंग्रहालयात उभ्या असलेल्या तरुणाचे ते वीस सेकंदांहूनही कमी कालावधीचे चित्रण अगदी साधे आहे. व्यावसायिक रूप हे प्रेक्षकापर्यंत जाण्याचे प्रवेशपत्र होते, तो काळ तेथे संपू लागला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. १) घरगुती चित्रफीत निर्मितीचा आरंभ संगणकाच्या वाढत्या शक्तीपेक्षा दूरचित्रवाणीच्या तालाशी जुळणाऱ्या रचनेमुळे झाला. २) किंमत घटली ती टप्प्याटप्प्याने, प्रथम मिश्रणाची, मग साठवणीची, नंतर वितरणाची. ३) हक्क, प्रेक्षकांची ओळख व संकलनाची दृष्टी या गोष्टी यंत्राबरोबर मिळाल्या नाहीत.

यांत चौथा निष्कर्ष जोडणे आवश्यक वाटते आणि तो आपल्या महाविद्यालयांशी थेट संबंधित आहे. ज्या काळात सर्वसामान्य माणूस प्रथमच चित्रफिती बनवू लागला, त्याच काळाचा दृश्य दस्तऐवज आज सर्वाधिक धोक्यात आहे. घरगुती ध्वनिचित्रमुद्रण यंत्रांचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. नव्या संगणकांवर फायरवायरची जोडणी आढळत नाही. कागदावरील शंभर वर्षांपूर्वीचे इतिवृत्त आपण सहज वाचतो. मात्र २००१ मधील मिनी डीव्ही फीत पाहण्यासाठी जुना कॅमेरा, जुनी तार आणि जुना संगणक शोधावा लागतो. व्याख्याने, मुलाखती व लोककलांची सादरीकरणे असलेल्या अशा फिती विभागांच्या कपाटांत असतील तर त्यांची यादी करून, चालू स्थितीतील यंत्र उपलब्ध असेतोवर त्या उतरवून घेणे आणि प्रत्येकीवर स्थळ, दिनांक व व्यक्तींची नोंद करणे हे काम इतिहास, मराठी व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे. साधने घरोघरी पोहोचली, हे या इतिहासाचे यश आहे. त्या साधनांनी टिपलेले जपले नाही, तर पुढील अभ्यासकास त्या यशाचा पुरावाही सापडणार नाही.