निसर्गातली अमूर्त नक्षी मोबाइलने कशी टिपायची?

फोटोत वस्तू ओळखू येण्याआधी रेषा, रंग आणि पोत दिसला, तर तो अमूर्त फोटो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल, तर निगडीची दुर्गादेवी टेकडी, पवनेचा काठ आणि खिशातला फोन पुरेसा आहे.

काय शोधायचं?

भेगा: चिखल सुकताना आकसतो आणि तडकतो. सुरुवातीला नवी भेग जुन्या भेगेला साधारण ९० अंशांत मिळते. तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून सुकला, की कोन १२० अंशांकडे सरकतात आणि षटकोन दिसू लागतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरचे बसाल्टचे खांबही असेच, लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वी तयार झाले.

सर्पिल: सूर्यफुलाच्या मध्यभागी लागोपाठच्या दोन बियांमध्ये साधारण १३७.५ अंशांचा कोन असतो. दोन्ही दिशांच्या वळणांची संख्या मोजा, बहुतेकदा ३४ आणि ५५ अशी फिबोनाची जोडी मिळेल.

शिरा: पिंपळाचं पान सूर्याकडे धरा आणि मागून येणाऱ्या उजेडात फोटो घ्या. शिरांचं जाळं एखाद्या शहराच्या नकाशासारखं दिसतं.

फोनमध्ये काय करायचं?

१. लेन्स स्वच्छ पुसा. ग्रिड सुरू करा.
२. खूप जवळ गेल्यावर चित्र धूसर होत असेल, तर मॅक्रो मोड वापरा. तो नसेल तर थोडं मागे या, २एक्स झूम करा.
३. स्क्रीनवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग उजेड किंचित कमी करा, पोत उठून दिसतो.
४. सपाट पृष्ठभाग असेल तर फोन त्याला समांतर धरा, नाहीतर कडा धूसर होतात.
५. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात खाचखळग्यांच्या सावल्या पडतात, दुपारी सगळं चपटं दिसतं.

चौकटीबाहेर काय राहिलं?

पवनेवरची जलपर्णी वरून पाहिली तर हिरवा गालिचाच वाटते. आळंदीला इंद्रायणीवर अनेकदा दिसलेला पांढरा फेस जवळून पाहिला, तर त्यातही तीन-तीन पडदे १२० अंशांत जुळलेले दिसतील. फोटो सुंदर येतो, पण नदी आजारी असते. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती झपाट्याने वाढते. तिच्या दाट थराखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला ऑक्सिजनही घटतो. फेसामागे बऱ्याचदा डिटर्जंटसारखी रसायनं असतात, त्यामुळे त्याला हात लावू नका.

अमूर्त फोटोत जागा कळत नाही, हीच त्याची गंमत आणि हीच अडचण. म्हणून अशा ठिकाणी दोन फोटो घ्या: एक जवळचा, नक्षीचा; दुसरा लांबून, ज्यात पूल, घाट किंवा नाल्याचं तोंड दिसेल. कॅमेऱ्यात लोकेशन टॅग सुरू ठेवा. महापालिकेकडे तक्रार करताना हा दुसरा फोटोच कामाला येतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तारीख आणि ठिकाणाची आतली नोंद निघून जाते. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नोंद टिकेल. मात्र घरी काढलेले फोटो पाठवताना हाच टॅग तुमचा पत्ता उघड करू शकतो, तेव्हा तो काढूनच पाठवा.