विभक्तींचा क्रम कोणी लावला?

१/७
दुसरी विभक्ती कोणती? आपला विद्यार्थी म्हणेल, कर्माची. जर्मन विद्यार्थी म्हणेल, संबंधाची. म्हणजे आपली षष्ठी. दोघेही आपापल्या शाळेत बरोबर ठरतील. विभक्तींचे क्रमांक भाषेत उपजत नसतात. ते वैयाकरण लावतात.

२/७
जर्मन क्रमाचे मूळ ग्रीकांत आहे. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावरील व्याकरणात कर्ता, संबंध, संप्रदान, कर्म, संबोधन असा क्रम येतो. विभक्तीला ग्रीक शब्द होता 'पतन'. कर्त्याचे रूप सरळ उभे, बाकीची कललेली, अशी ती कल्पना.

३/७
रोमनांनी हाच क्रम लॅटिनला लावला. लॅटिनमध्ये अपादानाची विभक्ती अधिक होती. ती शेवटी जोडली गेली. व्हॅरो तिला 'सहावी'च म्हणतो. त्यामुळे संप्रदान व अपादान यांची अनेक रूपे एकसारखी असूनही दोन्ही विभक्ती दूर पडल्या.

४/७
पाणिनीची मांडणी निराळी. कर्ता, कर्म ही अर्थाची नाती म्हणजे कारके. प्रथमा ते सप्तमी हे प्रत्ययांचे गट. अष्टाध्यायीत नामाचे २१ प्रत्यय तीन-तीनांच्या सात गटांत येतात. म्हणूनच विभक्तींची नावे निव्वळ क्रमवाचक आहेत.

५/७
आता द्विवचन पाहा. प्रथमा-द्वितीया : रामौ. तृतीया-चतुर्थी-पंचमी : रामाभ्याम्. षष्ठी-सप्तमी : रामयोः. अनेकवचनात चतुर्थी-पंचमी : रामेभ्यः. 'नदी'च्या एकवचनात पंचमी-षष्ठी : नद्याः. सारखी रूपे बहुधा शेजारी! क्रम बदला, ही साखळी तुटते.

६/७
एकोणिसाव्या शतकात संस्कृतच्या परिचयानंतर युरोपातही जुन्या क्रमाचा फेरविचार झाला. बेंजामिन हॉल केनेडी यांच्या १८६६च्या लॅटिन प्रवेशिकेत कर्ता, संबोधन, कर्म एकत्र आले. संप्रदान व अपादान शेजारी बसले. ब्रिटनने हा क्रम स्वीकारला. जर्मनी व अमेरिकेत जुनाच रूढ राहिला.

७/७
आणि मराठी? शालेय व्याकरणाने संस्कृतचा क्रम जसाच्या तसा घेतला. पण मराठीत 'स, ला, ते' हे प्रत्यय द्वितीयेचेही आणि चतुर्थीचेही; मध्ये मात्र तृतीया उभी! सारख्यांना शेजारी बसवणारा क्रम इथे सारख्यांनाच दूर ठेवतो. 'दोन्हींचे प्रत्यय एकच, मग विभक्ती दोन का?' असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला गप्प करू नये. पाणिनीने रूपे ज्या नजरेने पाहिली, तीच नजर त्या प्रश्नात आहे.